नाव न घेतलेला उखाणा

काकू कोणाशी बोलायला लागल्या की आधी चपला काढायच्या. भाजीच्या गाडीपाशी, दवाखान्याच्या पायरीवर, कुठेही. काढलेल्या चपलांवरच उभ्या राहून त्या म्हणायच्या, "अच्छा, मग?" समोरच्याला एवढंच पुरे व्हायचं. दोन वाक्यांत आटपणारा माणूस मुलीच्या सासरपर्यंत जाऊन पोहोचायचा.

आमच्या हिंदी शहरातल्या कांचघर मोहल्ल्यात त्या आमच्या समोर राहायच्या. काका आणि माझे बाबा एकाच फॅक्टरीत. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कॉलेजात कसं वागायचं हे घरी कोणाला विचारावं तेच कळायचं नाही. तिथे मुली मला "मराठी" म्हणून हाक मारायच्या. ओळखीच्या मराठी घरांत गेले की बायका हसायच्या, "हिची मराठी ऐका, अर्धी हिंदीच!" मग मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. पहिलं वर्ष संपत आलं तरी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. कॉलेज सोडावं असं मनात होतं. ते फक्त काकूंना सांगितलं.

"अच्छा, मग?"

"मग काही नाही. घरी बसीन."

"काहून? घरी काय लोकांशी बोलावं लागत नाही?"

"मला बोलताच येत नाही, काकू. मी धड इकडची नाही, धड तिकडची नाही."

"आत्ता काय करून राहिली मग? गाऊन राहिली?" त्या म्हणाल्या. "चलो, परवा हळदीकुंकू आहे. वाण वाटायला ये."

काकूंच्या हळदीकुंकवाला सगळी गल्ली असायची. मराठी असो की नसो. त्या संक्रांतीला वरच्या मजल्यावर नव्याने आलेल्या भाभीही आल्या. दमोहकडच्या, लाजऱ्या. मी दाराशी वाणाच्या वाट्या घेऊन उभी होते. तिळगूळ झाला, कुंकू झालं, आणि उखाणे सुरू झाले. एकेक जण नवऱ्याचं नाव घेत होती, बाकीच्या हसत होत्या. काकू रंगात आल्या.

"भाभी, अब आप! भैया का नाम लो."

भाभींनी पदर पुढे ओढला.

"अहो लाजता काय, घ्या घ्या!" सगळ्या ओरडल्या. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

भाभी उठल्या आणि सरळ दाराकडे आल्या. "बुला के हँसी उड़ा रहीं," त्या पुटपुटल्या. ते मला एकटीलाच ऐकू गेलं. डोळे भरले होते त्यांचे.

माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई नवऱ्याला नेहमी "पिंकी के पापा" म्हणायची. हिंदी घरांत बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, हे मला तिच्यामुळे ठाऊक होतं. काकूंनाही ठाऊक असणारच, पण उत्साहात त्यांना काही आठवत नसे.

मी भाभींच्या वाटेत उभी राहिले. "भाभी, रुकिए. ये मज़ाक नहीं है. हमारे यहाँ नाम लेना ही इज्जत है." मग आत वळून म्हणाले, "यांच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मान म्हणून. आपण घेतो, तेही मान म्हणूनच ना?"

आपण भरल्या खोलीत बोललो, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

"हाय राम, माझंच चुकलं!" काकूंनी कपाळावर हात मारला. "भाभी, बिना नाम का सुनाओ. हमको सब चलता है."

भाभी परत येऊन बसल्या. मग पदराआडून बारीक आवाज आला:

"तिल में मिला गुड़, लड्डू बने चार,
मुन्ना के पापा ड्यूटी पे, हमारा लगा दरबार!"

काय हसलो म्हणून सांगू! एका आजींच्या मांडीवर कुंकवाचा करंडाच उलटला.

दुसऱ्या दिवसापासून भाभी काही अडलं की मला हाक मारू लागल्या, आणि त्या आजीही. कॉलेज सोडायचं राहून गेलं. पुढे एकदा वर्गात लग्नाच्या रिवाजांवर चर्चा चालली होती, तेव्हा मी हीच गोष्ट सांगितली. अडखळत, पण पूर्ण. काकूंना हे कळवायला धावत गेले, तर त्या म्हणाल्या, "अच्छा, मग?" मग मला पुढचंही बरंच काही सांगावं लागलं.

यंदा काका निवृत्त झाले आणि दोघं मुलाकडे नागपूरला गेले. आम्ही मदन महल स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी सुटायच्या आधीच काकूंची समोरच्या बाकावरच्या बाईंशी गट्टी जमली होती. त्या बाईंची सून काय करते, हे चाललं होतं. गाडी हलली तरी काकूंनी खिडकीकडे पाहिलं नाही. मला हसू आलं. वाईट वाटलं नाही असं नाही, पण हसू आधी आलं.

बाबा स्कूटर काढायला पुढे गेले. फलाटावरच्या बाकावर एक म्हातारी बाई जाणाऱ्या गाडीकडे बघत डोळे पुसत बसली होती. मी क्षणभर घुटमळले. मग तिच्याशेजारी जाऊन बसले.

"किसको छोड़ने आई थीं, दादी?"