खोक्यावर बसलेली पुष्पांजली

आमच्या घरात कोणतीबी मशीन आणायची म्हटली की आधी सासऱ्याची, मामाजीची, परवानगी लागते. फवारणीचा पंप असो की मिक्सर, त्यायनं हाव म्हटलं तरच वस्तू दारात. कंप्युटरले त्यायनं हाव म्हटलंच नव्हतं. माह्या लहान्या जावेनं, पुष्पांजलीनं, शिवणकामाच्या पैशातून तो नांदुऱ्याहून आणला, अन् वट्यावर उतरवून घेतल्यावर मामाजीले सांगितलं. आता बोला! अख्ख्या सोनाळ्यात दुसऱ्या कोणाच्या सुनेनं एवढी हिंमत केली असंल तर मले दाखवा.

मी या घरची मोठी सून, कोकिळा. तिच्या लय आधी या घरात आली, पण मामाजीपुढं कधी तोंड उघडलं नाई. म्हणून तिचं सांगतानी मले आजबी जोर येते.

लग्नाआधी पुष्पांजली नांदुऱ्याले कंप्युटरच्या क्लासात पोरापोरींले शिकवत होती. शेषराव मामाजी सोयरीक करतानी गोड बोलले, अन् लग्न झाल्यावर म्हणे, "रोज एसटीनं जाणं-येणं बरं दिसत नाई." झालं, नोकरी गेली. तिचा नवरा भागवत म्हणजे गरीब गाय. बाप बोलला की बापाकडं मान हलवते, बायको बोलली की बायकोकडं. पुष्पांजलीनं शिलाई मशीन घेतली, गावभरच्या बायायचे ब्लाउज शिवले, पण डोक्यातून नोकरी गेली नाई. शेवटी तिनं घरबसल्या करायचं काम शोधून काढलं. एका बियाण्याच्या कंपनीले शेतकऱ्यायच्या फोनले उत्तरं देणारी बाई पाहिजे होती. बोली आपलीच, काम घरूनच. पण कंप्युटर स्वतःचा पाहिजे, अन् सोमवारी सकाळी त्याच्यावरच परीक्षा.

"जाणं-येणं बरं दिसत नाई ना, मामाजी? मंग नाई जात मी. काम घरी येईन," असं कंप्युटर वट्यावर उतरल्यावर ती तोंडावर बोलली.

मामाजी म्हणे, "ठीक हाय. सोमवारपर्यंत चालला तर चालला. नाई तर वापस, अन् या विषयावर घरात पुन्हा बोलणं नाई."

शनिवारी पूजा झाली. पूजा केल्याशिवाय नव्या वस्तूले आमच्यात कोणी हात लावत नाई. आमच्या सासूबाई, सत्यभामाबाई, यंत्राले कोरडं कुंकू लावतच नाईत. झडते म्हणून गुळाच्या पाण्यात कालवतात. त्यायनं मोठ्या हौसेनं टिळा लावला, फूल वाहिलं, नारळ फोडला. पुष्पांजलीनं वायरी जोडून बटन दाबलं. आतला पंखा भुर्र झाला, निळा दिवा लागला, मामाजीबी पेपरातून मान काढून पाहाले लागले, अन् फट्कन सगळं बंद! पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दिवा लागते, पंखा फिरते, पडद्यावर काही यायच्या आत बंद.

"पायगुण!" एवढंच बोलून मामाजी उठून गेले. मेल्या मशीनले कशाचा पायगुण, पण माणसाले टोमणा मारायले काय लागते?

रविवारी पुष्पांजली सकाळपासून त्याच्या मागं लागली. आधी पिन दुसऱ्या बोर्डात लावली. मंग म्हणे लाईटीचा दाब कमी हाय, म्हणून फ्रीजची पिन काढून तिथं लावला. मंग पाठीमागच्या सगळ्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. शेवटी डब्याचं झाकण खोललं, आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, पुन्हा कट्कन बसवली. काही फरक नाई. दुकानदाराले स्पीकरवर फोन लावला तर तो म्हणे, "मदरबोर्ड गेला असंल. अन् तुम्ही खोलला काऊन? घरात कोणी माणूस असंल तर त्याले फोन द्या."

"माणूसच बोलून राह्यली हे! तुम्हाले म्हैस वाटली का?" असं म्हणून तिनं फोन ठेवला.

पण मदरबोर्ड गेला, हे मामाजीनं ऐकलं होतं. त्यायनं भागवतले हुकूम सोडला, "उत्तमरावचा टेम्पो नांदुऱ्याले निघून राह्यला. खोक्यात भर अन् दे टाकून." भागवतनं थर्माकोलसगट कंप्युटरचं खोकं ओढत आणलं. पुष्पांजलीनं खोक्याचं तोंड बंद केलं अन् त्याच्यावर चक्क बसली. सासरा समोर उभा, अन् सून खोक्यावर मांडी घालून! माय वं!

"उठ," मामाजी म्हणे.

"नाई उठत. सोमवारपर्यंत म्हटलं होतं तुम्ही. आज रविवार हाय."

"आज चालत नाई तो उद्या चालते का?"

"ते उद्या पाहू. पण उद्याचा दिवस माह्या हक्काचा हाय, तो कोणाच्या टेम्पोत टाकू देणार नाई."

बाहेर उत्तमरावनं हॉर्न वाजवला, पुन्हा वाजवला, अन् कंटाळून निघून गेला. पुष्पांजलीच्या डोळ्यातून पाणी वाहून राह्यलं होतं, पण बाई हलली नाई. मले तिचा इतका अभिमान वाटला, अन् स्वतःचा इतका राग आला, का सांगू!

टेम्पो गेल्यावर ती डोळे पुसून पुन्हा मशीनपुढं बसली. मंग एकदम मले म्हणे, "जाऊबाई, क्लासात पोरायचा कंप्युटर अटकला की आम्ही बटन दाबून धरत होतो. जराक दाबून धरलं की तो असाच फट्कन बंद होते. पण इथं कोण धरून राह्यलं?"

तिनं बटन दाबलं, बोट काढलं, अन् नाक टेकवून पाहत बसली. बोट निघालं, बटन निघालं नाई. आतच रुतून बसलं, अन् मशीन बंद पडल्यावर सावकाश बाहेर आलं. भवताली सगळं लाल. सासूबाईनं कपाळ समजून नेमका त्या गोल बटनावरच टिळा लावला होता! गुळाचं पाणी फटीत उतरून चिकटलं होतं.

"काय निघालं?" दारातून मामाजीनं विचारलं.

पुष्पांजलीनं एकदा सासूबाईकडं पाहिलं अन् म्हणे, "काही नाई, बटन अटकलं होतं."

एवढ्यावर भागलं असतं. पण सासूबाईच पुढं झाल्या. "माह्या कुंकवानं अटकलं. म्या लावलं. पायगुण म्हणायचा असंल तर मले म्हणा, तिले नाई." मामाजीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

पुष्पांजलीनं पिन काढून ठेवली, सेफ्टी पिननं फट कोरली, ओल्या कापसाच्या बोळ्यानं गूळ काढला, वाळू दिलं, अन् मंग बटन दाबलं. ते टुण्कन बाहेर आलं. पंखा फिरला अन् फिरतच राह्यला. पडदा उजळला, तशी मी एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारची बनाबाई भिंतीवरून डोकावली.

सोमवारी परीक्षा झाली, पुष्पांजली पास झाली, अन् लगेच काम सुरू झालं. पहिल्याच दिवशी कानाले हेडफोन लावून ती कोण्या शेतकऱ्याले कपाशीचं बियाणं समजावून सांगत होती. तेवढ्यात मामाजी पाहुण्याले घेऊन आले. घरात आम्ही तिघी होतो, पण हाक तिलेच मारली. "पुष्पांजली, चहा टाक!"

तिनं समोरच्याले थांबायले सांगितलं, एक कान मोकळा केला, अन् खुर्चीवरूनच म्हणे, "मामाजी, मी कामावर हाये."

पाहुणा मामाजीकडं पाहाले लागला. मी सवयीनं उठाले गेली, तर सासूबाईनं माह्या हाताले धरून मले खाली बसवलं, अन् मामाजीले म्हणे, "स्वयंपाकघर तिकडं हाये."