क्रुसापाशी ठेवलेला पांढरा दगड

दगडापाशी थांबून पाहायचं असतं, हे मला गायकवाडबाईंनी शिकवलं. करमाळ्याच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. मी गेलो तो त्यांच्यामुळे. खडक म्हणजे चिवडा आणि खनिज म्हणजे त्यातला एकेक जिन्नस, हे त्यांचं वाक्य आणि त्यांनी दिलेलं भिंग घेऊन मी वसईला निघालो.

माझा सहकारी वॉल्टर तिथल्या एव्हरशाईन सिटीत राहतो. सकाळी त्याने मला चंदनसारपलीकडच्या टेकडीवर नेलं. काळा बेसाल्ट आमच्याकडेही आहे, पण इथे त्याच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक बसले होते. वॉल्टर सगळ्यांनाच गारगोटी म्हणत होता. मी त्याला बाईंची रीत सांगितली. गारगोटीवर सुरीचा ओरखडा उठत नाही, कॅल्साइटवर उठतो. शिवाय त्यावर आंबट पडलं की बुडबुडे येतात.

दुपारी त्याच्या फिलोमिनामावशींकडे गावात जेवायला गेलो. अंगणात क्रूस होता आणि त्याच्या पायथ्याशी नारळाएवढा पांढरा दगड. मावशींचे पती जॉनी खदानीत कामाला होते. लग्नाच्या वर्षी त्यांनी तो आणला. आता ते नाहीत. सण जवळ आला म्हणून दगड धुवायला मावशी वाटीत शिरका (मटणात घालतात ते ताडीचं आंबट) घेऊन बसल्या होत्या.

“ही गारगोटीच ना रे? पयल्यासारखी चमकत नाय. कडा पन गेल्या.”

त्या दगडाला सुरी लावायचं माझ्याच्याने होईना. शिरका घातल्यावर काय होतं, एवढंच विचारलं.

“फेस येतो. मळ निघतो ना.”

तो मळ नव्हता. दगड कॅल्साइटचा होता आणि दरवर्षी थोडाथोडा विरघळत होता. मी अडखळत ते सांगितलं. वॉल्टरने मला डोळ्यांनी गप्प राहायला खुणावलं, पण तोवर उशीर झाला होता.

“म्हंजे मीच झिजवला त्याला.” मावशी बराच वेळ दगडावरून हात फिरवत राहिल्या. मग हसल्या. “जॉनी पन असाच. जरा आंबट बोललं का फेसाळायचा.”

शिरक्याची वाटी त्यांनी रांधपात, म्हणजे स्वयंपाकघरात नेली आणि तांब्या घेऊन आल्या. “पानी चालंल ना?”

घरी परतल्यावर बाईंना पत्र लिहिलं:

‘आदरणीय बाई, वर्गात उत्तर आलं की मी लगेच हात वर करायचो. काल उत्तर आलं आणि हात वर जाईना. तरी सांगितलं, म्हणून दगड उरला. मावशींनी हे शिकवणारीचं नाव विचारलं. सणाला क्रुसापाशी एक मेणबत्ती तुमच्यासाठी लावणार आहेत.’