पायाखालची पट्टी

बाबांच्या जुन्या मोटरसायकलचं मागचं फूटरेस्ट आता बाजारात मिळत नाही, म्हणून ते काढून मी उद्यमनगरात बापूंकडे नेलं. अ‍ॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून बापू जुन्या गाड्यांचे पार्ट हुबेहूब काढून देतात. माप घ्यायच्या आधी त्यांनी त्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

"मागं कोण बसायचं?"

"आई. दोन्ही पाय एका बाजूला सोडून."

"लई भ्यायच्या वाटतं."

मी हसलोच. त्या गाडीवरच्या गोष्टी आईनं आम्हाला किती रंगवून सांगितल्यात! "छे हो, तिला भारी हौस."

"नुसता पाय टेकला तर पट्टी सगळीकडं सारखी झिजती," बापू म्हणाले. "ही बघा, फक्त पुढच्या काठाला. अंगठ्याखाली पार खड्डा पडलाय. हातानं धरता येत नसलं, की माणूस असा पाय रोवतंय."

मशीन सुरू झालं. चकचकीत कीस उडायला लागला. आईच्या अंगठ्यानं धातू खाल्ला होता आणि घरात कुणाला पत्ता नव्हता! पण हातानं का धरता येत नसेल? एक हात बाबांच्या खांद्यावर, दुसरा सीटला, अशाच तर बसतात बायका.

मग तिच्या प्रत्येक गोष्टीच्या शेवटचं, मी आजवर कौतुकानं ऐकत आलेलो ते वाक्य आठवलं.

"तुम्ही तिन्ही पोरं त्या गाडीवर माझ्या मांडीत गाढ झोपायचात."