कौसाबाईची कोंबडी आणि मायचा हातगुण

मरणाच्या दारातून परत आलेला जीव सोबत काहीतरी शहाणपण घेऊन येतो, असं थोर लोक सांगतात. आमच्या घरी जी परत आली ती पिसवा घेऊन आली. तरीही तिच्या दुखण्याची हकिगत लिहितो आहे. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत आणि घरामागे मुंगूस आहे, त्यांच्या ती उपयोगी पडेल.

"हिच्या क्रॉपला भोक पडलंय," जनावरांचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कोंबडीच्या चोचीत चार थेंब पाणी सोडलं. ते पाणी तिच्या छातीवरच्या पिसांमधून बाहेर आलं. क्रॉप म्हणजे कोंबडीच्या मानेखालची पिशवी. टिपलेला दाणा आधी तिथे भिजतो, मग पोटात जातो. कालपासून जिला घाम फुटतोय असं आम्ही समजत होतो, ती कोंबडी गळत होती.

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी गावच्या शाळेत मास्तर होतो आणि घरात मी आणि माझी माय एवढीच माणसं होती. एके दिवशी भर दुपारी गोवऱ्यांच्या उडव्यामागे मुंगसानं कोंबडी धरली. माय खराटा घेऊन धावली. मुंगूस पळालं. कोंबडी उरली, पण मान टाकलेली, अंग गार, डोळ्यांवर पडदा ओढलेला. डॉक्टर याला 'शॉक' म्हणतात. जखमेपेक्षा भीतीनंच रक्ताचा जोर खाली जातो आणि जनावर गार पडतं. तेव्हा त्याला ऊब, अंधार आणि एकांत लागतो. आमच्या गल्लीत यांपैकी ऊब तेवढी मिळण्यासारखी होती.

कारण बातमी कळताच बाया जमल्या. जाणाऱ्या जिवाला पाणी पाजावं, ही आमच्याकडची रीत. जी येई ती चमचाभर पाणी चोचीत घाली आणि हळहळून जाई. मायनं कुणाला अडवलं नाही. मरणाऱ्याचं पाणी तोडलं असं कुणी म्हणायला नको. रात्रीपर्यंत कोंबडीखालचा भुस्सा चिंब झाला. पाणी जातंय कुठे, हा प्रश्न कुणाला पडला नाही. मी विज्ञान शिकवत असे. मलाही पडला नाही.

आता खरी अडचण सांगतो. कोंबडी आमची नव्हतीच. ती शेजारच्या कौसाबाईची होती. कौसाबाईचं घर धनगराचं. एकेकाळी मेंढरं होती, आता शेती. तिनं कोंबडी मायला अर्धलीनं दिली होती, म्हणजे कोंबडी तिची, राखण आमची, पिल्लं निम्मी-निम्मी. अर्धलीचं जनावर मेलं तर कुणी भरपाई मागत नाही. एवढंच म्हणतात, की या बाईला हातगुण नाही. एकदा तसं म्हटलं गेलं की पुढे कुणी शेळीचं करडूसुद्धा राखायला देत नाही.

माझा पगार चालू होता, पण तो माझा होता. मायच्या स्वतःच्या म्हणाव्यात अशा गोष्टी म्हणजे अर्धलीची एक शेळी, अर्धलीची ही कोंबडी आणि तिचा हातगुण. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा तिनं देव्हाऱ्यातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते आणि मागे वळून पाहिलं नव्हतं. नवस गेले, उतारे गेले, अंगात येणं गेलं. हातगुण नदीत सोडता येण्याजोगा नव्हता, म्हणून तो राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाई आली. कोंबडीच्या पोटाखाली हात घालून तिनं वजनाचा अंदाज घेतला. तिच्या मनात वाईट काही नव्हतं.

"आखाड चालूय, चांगुणाबाय," ती म्हणाली. "जीव हाय तवर कापू. मेल्यावर काय उपेग?"

"थोडे दिस दे," माय म्हणाली.

"देते की. पन श्रावण लागला का आमच्या घरात महिनाभर चालत न्हाई, तुला ठावं हाय. आखाड सरायच्या आत तिनं खाल्लं न्हाई, तर मंग तिला आमी खाऊ."



आम्ही कोंबडी पिशवीत घालून टेंभुर्णीकडून येणारी एसटी गाठली. कंडक्टरनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, जिवंत असली तर तिकीट पडंल, मेली असली तर सामान. मायनं त्याला सांगितलं, "मधल्यात हाय." तो जरा विचारात पडला आणि पुढच्या माणसाकडे वळला.

ढोरांच्या दवाखान्यापुढे लिंबाखाली बैल, म्हशी आणि त्यांचे मालक बसले होते. मांडीवर कोंबडी घेऊन बसलेले आम्ही दोघंच. एकानं अगदी गंभीरपणे मला विचारलं, मास्तर, मसाला घरी विसरला का? माणसांच्या दवाखान्यात रोग्याला पाहून लोक आवाज खाली घेतात. इथे ती पद्धत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे वेळ बरा गेला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी कुणी हसायच्या आत कोंबडी टेबलावर घेतली. पिसं उपटली, जखम धुतली, आधी आतल्या पिशवीला टाके घातले, मग वरच्या कातडीला. मायनं पाय धरले होते, मी डोकं. टाके घालताना त्यांनी विचारलं, "पाणी कुणी पाजलं?"

"समद्यांनी," माय म्हणाली.

"ते बंद करा. आज काहीच देऊ नका. उद्यापासून ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज, थोडी थोडी. दुसऱ्या कोंबड्यांत सोडू नका. लाल दिसलं की त्या टोचतात."

मग ते इंग्रजीत म्हणाले की प्रोग्नोसिस आत्ता सांगता येत नाही. मी अर्थ विचारला. प्रोग्नोसिस म्हणजे पुढे काय होईल याचा अंदाज. मग तो काय आहे, असं विचारलं तर म्हणाले, "तेच सांगता येत नाही म्हणालो."

घरी आल्यावर मायनं कोंबडी डालग्याखाली झाकली, वर गोणपाट टाकलं आणि स्वतः दारात बसली. पाणी पाजायला आलेल्या बायांना ती परत पाठवू लागली. दोघी-तिघी रुसल्या. एक म्हणाली, मास्तराची माय लई शिकली. माझ्या शिक्षणाचा मायला झालेला हा पहिला उघड उपद्रव.

पुढचे दिवस नुसते वाट पाहण्याचे होते. पेज चमच्यानं चोचीत घातली की पोटात जाई, पण कोंबडी आपणहून चोच उघडेना. जखमेभोवती सूज आली. 'इन्फेक्शन' म्हणजे जखमेत जंतू शिरून पू धरणं. त्याचं औषध डॉक्टरांनी दिलंच होतं. ते पेजेतून घालत राहिलो. सूज उतरली, तरी तिची भूक परतली नाही. कौसाबाई येताजाता विचारी, "खाल्लं का गं?" माय नुसती मान हलवी. शाळेतून येताना मी अंगणातच कानोसा घेत असे. मायच्या हालचालींच्या आवाजावरून कोंबडी आहे की नाही ते कळे.

आखाडाच्या शेवटच्या दिवशी तिन्हीसांजेला कौसाबाई आली. पाट्यावरून उठून थेट आली होती. हाताला वाटलेलं खोबरं-मसाला तसाच होता.

"लई दिस दिले, चांगुणाबाय," ती हळू म्हणाली. "आन बाहीर."

 मायनं गोणपाट काढलं, डालगं उचललं आणि तोंड भिंतीकडे केलं. कौसाबाईनं खाली बसून हात पुढे केला. कोंबडीनं एक डोळा तिरका करून त्या हाताकडे पाहिलं. मग मान लांब केली आणि कौसाबाईच्या अंगठ्याला लागलेला खोबऱ्याचा कण टिपला. पुन्हा टिपला. मग बोटांच्या बेचक्यातला.

"अगं माय," कौसाबाई म्हणाली, "ही तर मलाच खाया लागली."

माय वळली. तिनं कोंबडीच्या छातीखाली तळहात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग तो कौसाबाईपुढे धरला.

"बघ. कोरडा हाय."

कौसाबाईनं हात पाहिला, कोंबडी पाहिली, आणि स्वतःची बोटं पुरती साफ होईपर्यंत तिथेच बसून राहिली. उठताना म्हणाली, "आता ह्या मसाल्याचं काय करू?" मायनं तिला घरातली वांगी दिली.

दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. त्या सकाळी आख्खी गल्ली एकाच गोष्टीची वाट पाहत होती, ती म्हणजे कोंबडी बराबर हगते का. माणसाच्या आजारातही शेवटी सगळं इथेच येतं, फक्त आपण इंग्रजीतून विचारतो. ती हगली. ज्या बाईनं मायच्या शिकण्यावर बोट ठेवलं होतं, तिनंच ही बातमी आडावर नेली. पाठोपाठ कौसाबाईनं तिथे चारचौघींत सांगितलं, की चांगुणाबायच्या हाताला गुण हाय, माझी दुसरी कोंबडीबी मी तिलाच देनार. मायनं हे ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी तिनं आडावर रेंगाळत घागर एकदा भरून ओतली आणि पुन्हा भरली.

पिसवा राखेनं गेल्या. कातडीवर नवी पिसं आली, आधीच्यापेक्षा जरा फिकी. दिवाळीनंतर कोंबडी खुडूक बसली आणि पिल्लं घेऊन उठली. ती दोन्ही घरांत निम्मी-निम्मी गेली.

तुमच्यावर हा प्रसंग आला तर एवढंच सांगेन: अंधार द्या, ऊब द्या, आणि पाणी घेऊन येणाऱ्या दयाळू माणसांना दारातच अडवा. धीर सोडू नका. डॉक्टरांवर विश्वास ठेवा. पांढऱ्या कोटावरचा माझा अविश्वास त्या वर्षी बराच कमी झाला.

डॉक्टरांचे आभार मानायला मी मुद्दाम दवाखान्यात गेलो. मायनं अंडी दिली होती. त्यांनी ती घेतली, चहा मागवला. मी त्यांच्या हाताचं कौतुक केलं आणि सहज विचारलं, आजवर असे किती क्रॉप शिवले असतील?

"हिच्या आधी एकच," ते म्हणाले. "कॉलेजात असताना."

"ती वाचली?"

"ती प्रॅक्टिकलसाठी आणली होती," डॉक्टर म्हणाले. "आणली तेव्हाच मेलेली होती."