मामा एजिदेचं इरू

नवरा गेल्यापासून डॉ. इबिदुन फाग्बेमी रडली नव्हती, आणि ही गोष्ट इलेशा गावातल्या त्या अख्ख्या गल्लीला खटकत होती.

दुःखाच्या घरात माणसाला एकटं सोडायचं नाही, ही आमच्याकडची रीतच. पुढच्या खोलीत गादी घालून इबिदुनला बसवलं होतं, आणि येणारा प्रत्येक जण वाकून "पेले" म्हणत होता. हा शब्द मोठा सोयीचा आहे. ठेच लागली तरी पेले, बस चुकली तरी पेले. तिचा शोधनिबंध परत आला तेव्हा विद्यापीठाच्या शिपायानंही "पेले, डॉक्टर" म्हटलं होतं. आता नवरा, शोजी गेला, तरी पेलेच. इबिदुन प्रत्येकापुढे मान हलवत होती. दात काढायच्या आधी सुई टोचतात, मग गाल आपला असूनही आपला नसतो. तसं तिचं सगळंच झालं होतं.

"इयावो, रड गं जरा," शोजीची थोरली बहीण अँटी आरिनोला कानाशी येऊन म्हणाली. इयावो म्हणजे सून. इबिदुनचे केस पांढरे झाले, हाताखालून डॉक्टर तयार होऊन गेले, तरी सासरी ती सूनच. "लोक बघतायत. म्हणतील, हिला काहीच वाटलं नाही."

"हो, अँटी," इबिदुन म्हणाली, जणू कुणी मीठ आणायला सांगितलंय.

अँटीनं उसासा टाकला आणि ती पुन्हा स्वयंपाकघरात गेली. तिथे तिचं राज्य होतं. विधवेनं मयताच्या स्वयंपाकाकडे फिरकायचं नसतं, त्यामुळे आत काय चाललंय ते इबिदुनला दिसत नव्हतं. दिसलं असतं तर पुढचं सगळंच टळलं असतं.

इबिदुन विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायची, आणि तिचं आयुष्यभराचं संशोधन होतं इरूवर. रानातल्या शेंगांच्या बिया शिजवून, पानांखाली दडपून आंबवल्या की इरू होतं. ते घातलं नाही तर भेंडीचा रस्सा म्हणजे नुसती ओली भेंडी. पण त्याचा वास असा, की मालक बसमधून उतरायच्या आधी वास उतरतो. विद्यापीठातले मलेरियावाले परिषदांना परदेशी जाऊन येत. इबिदुन खेड्यापाड्यांत म्हाताऱ्यांच्या चुलींपाशी जाऊन येई. विभागप्रमुख म्हणायचे, "मॅडम, तुमचा निबंध मी वाचायला घेतो, पण आधी खिडकी उघडतो."

आणि शोजी. शाळेत भूगोल शिकवणारा, जुन्या टोयोटाचा आणि तितक्याच जुन्या विनोदांचा धनी. तोच तिला खेड्यांत घेऊन जायचा. येताना गाडीच्या चारही काचा खाली. "लोकांच्या बायका पीएचडी झाल्यावर अत्तर लावतात," तो म्हणायचा, "माझ्या बायकोनं बघा काय आणलं!" बाई इरू देत असताना मात्र तिच्याशी शेतीपाण्याच्या गप्पा मारत बसायचा, म्हणून तर म्हाताऱ्या इबिदुनला हातचं राखून देत नसत.

त्यातली एक होती मामा एजिदे. आमच्याकडे मामा म्हणजे आई. ती बिया ज्या पानांखाली दडपायची ती पानं दुसरी कुठलीच बाई वापरत नसे. तिच्या इरूत इबिदुनला एक जंतू सापडला. तासन्‌तास उकळला तरी तो मरत नाही, असा तिचा दावा होता. निबंध गेला आणि परत आला. तपासणाऱ्यानं लिहिलं होतं: विश्वास बसत नाही, मूळ नमुन्यावर पुन्हा प्रयोग करून दाखवा. या एका निबंधावर इबिदुनचं प्राध्यापकपद अडलं होतं. ते तर सोडाच. पण तोवर मामा एजिदे गेली होती, तिच्या मुली लागोसला होत्या, आणि ते इरू आता पृथ्वीवर एकाच पुडक्यात उरलं होतं.

मग अध्यापकांचा संप झाला. विभागाला टाळं, वीज बंद. प्रयोगशाळेतले सगळे नमुने शोजीनं घरी आणून फ्रीझरमध्ये, बोकडाच्या मटणाशेजारी ठेवले. दिवे गेले की तो जनरेटरची दोरी ओढायचा आणि ओरडायचा, "उठा जंतूंनो, तुमचा बाप आला!" संप मिटला. पुन्हा प्रयोग मांडायचा म्हणून इबिदुन काचेची भांडी धुवायला लागली, त्याच आठवड्यात शोजी वर्गात खुर्चीवर बसला तो उठलाच नाही.

आता त्याला पुरून मंडळी परतली होती. अंगणात मंडप, मंडपात अख्खी गल्ली. आणि गादीवर बसलेल्या इबिदुनला वास आला.

आधी इरूचा. मग त्यामागून आणखी एक, जळक्या सालीसारखा. असा वास एकाच बाईच्या इरूला यायचा.

तिला सगळं कळलं. उठून धावायला हवं, हेही कळलं. पण ती बसून राहिली. कुणीतरी पेले म्हणालं, तिनं मान हलवली. पंगती उठत राहिल्या.

बऱ्याच वेळानं ती उठली आणि रीत मोडून परसात गेली. दोरीवर प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत घातल्या होत्या, एकेकीला चिमटा लावून. पिशवी टाकून द्यायची नाही, ही अँटी आरिनोलाची शिकवण. नमुन्यांवर लिहिलेली म्हाताऱ्यांची नावं धुऊन गेली होती.

"काय गं, एवढं इरू लपवून ठेवलं होतंस?" अँटी कलथा हलवत म्हणाली. "सगळं घातलं बघ भेंडीत. लोक बोटं चाटतायत. माझ्या भावाला शोभेलसं जेवण झालं!"

इबिदुनच्या घशातून एक आवाज निघाला. हसू होतं की काय होतं, तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. बायकांनी लगेच तिला धरलं. "रडली! देवा, रडली एकदाची!"

"अँटी," इबिदुन म्हणाली, "पातेलं कधी चढवलंत?"

"सकाळीच. इरू तेव्हाच घातलं. पाहुणे येतायतच, उतरवू कधी?"

"उकळत होतं? सारखं?"

"ऐका! सासऱ्याच्या मयताचं जेवण मी रांधलं, दोन दिरांच्या मयताचं रांधलं. आणि ही मला विचारते, उकळत होतं का!"

"मला त्यातलं थोडं द्या. बाटलीत."

"बाटलीत कशाला? ताटात घे, बाई."

"उकळत असतानाच द्या. झाकण मी लावते."

अँटीनं बाकीच्या बायकांकडे पाहिलं. एकीनं हळूच कपाळाला बोट लावलं. पण विधवेला नाही म्हणायचं नसतं. बाटली भरली.

लोकांनी नको नको म्हटलं, तरी दुसऱ्या दिवशी इबिदुन शोजीची गाडी घेऊन प्रयोगशाळेत गेली. थेंब थेंब रस्सा बशांवर पसरला आणि बशा उबेत ठेवल्या. त्याच्या पुढच्या सकाळी झाकण उचललं. बशीत फारसं काही उगवलं नव्हतं. पण मधोमध, कोरडे, सुरकुतलेले, म्हातारीच्या कोपरासारखे ठिपके होते. मामा एजिदेच्या इरूतला तो जंतू तिनं कुठेही ओळखला असता.

मयताच्या भेंडीला कुणी प्रयोग म्हणणार नाही, हे तिला माहीत होतं. तिनं ठिपके स्वच्छ नळ्यांत उतरवून घेतले. आता रीतसर उकळता येईल, हवं तितक्या वेळा. आनंद व्हायला हवा होता. तिनं वाट पाहिली. झाला नाही. मग हात धुतले.

परतताना गाडीच्या काचा वर होत्या. आतला वास तस्साच, सीटच्या कापडात मुरलेला. तिनं एकही काच खाली केली नाही. चौकात गाड्या तुंबल्या तेव्हा भाजलेली केळी विकणारी बाई काचेवर टकटक करू लागली. इबिदुननं बोटभर काच उघडली.

"मॅडम, गाडीत इरू आहे वाटतं!" बाई नाक मुरडत हसली. मग तिचं लक्ष इबिदुनच्या काळ्या कपड्यांकडे गेलं. हसणं थांबलं. "पेले, मा," ती म्हणाली, आणि टोपली सावरत पुढच्या गाडीकडे गेली.

दाताच्या सुईचा अंमल उतरताना गालात पहिल्यांदा एक मुंगी चालते. दुखत नाही अजून. दुखणार आहे, एवढंच कळतं. मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. इबिदुननं काच पुन्हा वर केली.