आवाज नीट आला नाही

माजलगावच्या एका लोकल केबल चॅनेलवर मी चार वर्षं निवेदन करत होते. दिवसभर जाहिराती आणि सत्कारसमारंभ चालायचे. रात्री अकरानंतर मात्र तासभर आमच्याच भागातल्या पोरांनी मोबाईलवर शूट केलेली गाणी लावायचो. त्यात रॅप असायचं, गच्चीवरचा डान्स असायचा, घरी दाखवायची सोय नव्हती असंही काहीबाही असायचं. मोठी माणसं तोवर झोपलेली असत, म्हणून खपून जायचं. माझं बोलणं मात्र दुपारीच निळ्या पडद्यासमोर शूट करून ठेवायचे.

एकदा पाटोद्याकडचा एक तरुण पेनड्राइव्ह घेऊन आला. घरी मेंढरं, बारावीनंतर शिक्षण सुटलेलं.

"ताई, लावताल का? म्या सोताच लिव्हलंय."

गाण्यात एका पुढाऱ्याचा हिरवागार ऊस होता आणि हापशावर घागरी घेऊन ताटकळलेल्या बाया. मी ते दोनदा ऐकलं. दुसऱ्यांदा तर खळखळून हसले. "लई भारी झालंय," म्हणाले आणि त्याच रात्री लावलं.

सकाळी ऑफिसात पुढाऱ्याची माणसं बसलेली. मालकांनी मला आत बोलावलं.

"हे गाणं पास कुणी केलं?"

"मला दाखवलं ते दुसरंच होतं," मी म्हणाले. "त्यानं फसवलं."

इतकं सहज तोंडातून गेलं की माझं मलाच नवल वाटलं. कुणी उलट विचारलंही नाही.

दुपारी त्याला गाडीत घालून आणलं. कॅमेऱ्यासमोर माफी मागायची, असं ठरलं होतं. मी त्याच्या शर्टाला माईक लावत होते तेव्हा तो हळूच म्हणाला, "का म्हून असं सांगितलंत, ताई? म्या कवा फसवलं तुमाला?"

मी माईकची पिन नीट करत राहिले.

तो माफीचं वाक्य बोलला, पण अर्धं घशातच राहिलं. कॅमेरामननं मान हलवली. तेव्हा मीच म्हणाले, "आवाज नीट आला नाही. परत बोल, जरा मोठ्यानं."

तो परत बोलला.

ती माफी आठवडाभर दिवसा, बातम्यांच्या आधी लागत होती. रात्रीचा कार्यक्रम बंद झाला. माझी नोकरी राहिली.

गेल्या वर्षी पाटोद्याच्या बाजारात त्यानंच मला ओळखलं. त्यानं पेंडीचं दुकान टाकलं होतं, पोत्यावर चारेक वर्षांची मुलगी बसली होती. रागाचा एक शब्द नाही.

"ताई, ते गाणं हाय का हो तुमच्याकडं? माझा मोबाईल तवाच फोडला त्यांनी. हिला दाखवायचंय."

पुढाऱ्याची माणसं आली त्याच सकाळी गाणं मीच पुसलं होतं, कुणी सांगायच्या आधी.

"बघते शोधून," मी म्हणाले.

त्यानं चिठ्ठीवर नंबर लिहून दिला आणि चहा सांगितला. तोही मी पिऊन आले.