फक्त पुरुषांचे कपडे

कुवेतमध्ये प्रत्येक धंद्याचा वेगळा रुखसा, म्हणजे परवाना. पुरुषांचे कपडे शिवायचा एक, बायकांचे शिवायचा दुसरा, आणि दोन्हींवर नाव कुवेती मालकाचं, कफीलचं. आमच्या इस्पितळामागे रत्नागिरीकडच्या एका चाचांचं शिवणाचं दुकान होतं. त्यांच्या भिंतीवरचा रुखसा फक्त पुरुषांचा. मग आम्हा मराठी नर्सेसचे ब्लाउज शिवणार कोण? तर तेच, पडद्यामागे. माप घेणं वगैरे नाही. जुना ब्लाउज द्यायचा आणि गुपचूप घरी जायचं.

हा एक नियम मोडणारा माणूस बाकी कायद्याला भलताच पक्का. माझ्या ब्लाउजचा पाठीमागचा गळा मी स्वतः कागदावर काढून दिला होता, पोपटाच्या चोचीसारखा वळलेला. अख्ख्या वॉर्डला तो हवा होता. पण चाचा कुणाला दाद देत नसत. "गळा त्या बायचा हाय. ती हो म्हणाली तर शिवतो," म्हणायचे. आणि मी कशाला हो म्हणतेय? मी मस्त मिरवत होते.

एका दुपारी ड्यूटी संपवून, साडी नेसून नवा ब्लाउज न्यायला गेले, तर कफीलबाबा बाकावर चहा पीत बसलेले. मधुमेहाचे म्हातारे. आमच्याच वॉर्डात इंजेक्शनला यायचे आणि चहात साखर घातली म्हणून माझी बोलणी खायचे. आताही मला बघून त्यांनी ग्लास लपवला. तेवढ्यात बलदियाचा, म्हणजे नगरपालिकेचा, इन्स्पेक्टर आत शिरला आणि त्यानं थेट पडदाच सारला. पुरुषांच्या पांढऱ्या दिश्दाशांच्या, म्हणजे पायघोळ झग्यांच्या, ढिगावर माझा जांभळा ब्लाउज.

"हा कुणाचा?"

चाचांचं तोंड एवढंसं झालं. त्यांचा व्हिसा त्याच रुखशावर. तो गेला की दुकानाला कुलूप आणि चाचा रत्नागिरीला. मी म्हणणार होते, मला काय ठाऊक. पण इन्स्पेक्टर माझ्या पाठीकडे बघत होता. अंगातल्या ब्लाउजलाही तोच गळा, आणि चाचांच्या इमानदारीमुळे उभ्या कुवेतमध्ये तो दुसरीकडे कुठे नव्हता. बोंबला, म्हटलं.

कफीलबाबांनी शांतपणे ग्लास खाली ठेवला.

"आमच्या घरचा आहे. घरचे कपडे शिवणं हा धंदा नव्हे. ही माझी मुलगी."

इन्स्पेक्टरनं माझी साडी पाहिली, टिकली पाहिली, आणि त्याला हसू आवरेना. "बायकांचा रुखसा काढा, बाबा," एवढं सांगून तो गेला.

बाबांनी शेजारचा गाळा घेऊन खरंच तो काढला. हातात येईस्तोवर चाचांनी माझ्या ब्लाउजला सुई लावली नाही. ज्या दिवशी आला, त्या दिवशी मी सांगून टाकलं, माझा गळा मागेल तिला शिवा. महिन्याभरात सगळ्या नर्सेसच्या पाठी एकसारख्या.

पुढे काही वर्षांनी बाबा गेले. त्यांच्या घरी बायकांच्या दुखवट्याच्या बैठकीला मी गेले खरी, पण दाराशीच घुटमळले. सगळीकडे काळे अबाये, मी एकटी साडीत. त्यांच्या बायकोनं मला कधी पाहिलं नव्हतं. मी मोडक्या अरबीत सांगायला लागले, की मी इस्पितळातली.

तिनं माझा हात धरला. "बलदियापुढे सांगितलेली मुलगी ना तू?" म्हणाली, आणि मला आपल्या लेकींच्या ओळीत नेऊन बसवलं.

मी बसले, आणि बाप गेल्यासारखी रडले.